भरतीरेषेच्या आत सोलापूर

सोलापूरकराचा समुद्राशी जन्मजात संबंध रेल्वे स्टेशनवरच्या पिवळ्या फलकापुरता. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची बारीक अक्षरांत लिहिलेली असते, साडेचारशे मीटर आणि वर थोडी चिल्लर. गाडीची वाट बघणारा माणूस तो आकडा वाचतो, समुद्र आपल्यापेक्षा बराच खालच्या पातळीवर आहे याची खात्री करून घेतो आणि शेंगा फोडायला लागतो.

अशा गावात ऐन एप्रिलअखेर, पारा चव्वेचाळिसाला टेकलेला असताना, एका बिल्डरनं कोकणातल्या फ्लॅटचं प्रदर्शन भरवलं. गोष्ट गेल्या शतकाच्या शेवटची. मंगल कार्यालयात चार कूलर, भिंतभर निळा समुद्र आणि दारातच कोकम सरबत. बाहेर पडलं की पुन्हा ऊन, म्हणून लोक आत थांबले. नुसतं थांबायची लाज वाटली, म्हणून त्यांनी बुकिंग केलं. मी दोन ग्लास सरबत प्यायलो होतो, त्यामुळे माझ्यावरचं नैतिक दडपण दुप्पट होतं. सोळा फ्लॅटांपैकी अकरा त्या एका दुपारी सोलापुरात खपले. उरलेले पाच पुण्या-मुंबईच्या लोकांनी घेतले असं म्हणतात. त्यांचं दर्शन नान्नजच्या माळढोकापेक्षा दुर्मिळ, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

दापोली तालुक्यातल्या मुरुड, कर्दे, हर्णै या पट्ट्यात ही तीन मजली इमारत उभी राहिली. समुद्रापासून तिची अंतरं दोन. माहितीपत्रकात ‘समुद्र दोन मिनिटांवर’ आणि मंजुरीच्या नकाशात पाचशे मीटरच्या जरा पलीकडे. हे कसं काय, असं विचारल्यावर बिल्डर म्हणाला होता, “साहेब, दोन मिनिटं ही आनंदात चालल्यावर लागतात. नकाशा काढणारा सरकारी चालीनं चालला.” आम्ही सगळे हसलो आणि सह्या केल्या. सोलापूरचा माणूस मनानं फार मोकळा.

सोलापूरहून तिथं जायचं म्हणजे पंढरपूर, विटा, कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड असं करत पोचेपर्यंत दिवस मावळतो. याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे, पुढचे महर्षी, पोरवयात परीक्षेसाठी डोंगर तुडवत पायी साताऱ्याला गेले होते आणि वय लहान दिसतं म्हणून तिथून त्यांना परत पाठवलं होतं. आमच्या सोसायटीचे सभासद एसी गाडीतून उलट्या दिशेनं निघतात आणि पाटणलाच “आता बास की वो” म्हणून पाय पसरतात. वय मात्र कुणाचंच लहान दिसत नाही, हा एक फरक.

पहिल्यांदा सगळे मिळून किनाऱ्यावर उभे राहिलो तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. सोलापूरकर पाणी उजनीच्या मापात मोजतो. एकशे सतरा टीएमसी म्हणजे धरण भरलं. मृतसाठ्याच्या त्रेसष्टच्या खाली गेलं की ‘मायनस’, आणि मग गावात दुसरा विषय नसतो. आमच्यातले पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंतासाहेब कमरेवर हात ठेवून क्षितिजापर्यंत बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “कायम शंभर टक्के दिसतंय. विसर्ग कुठं सोडतात?”

आमची ही त्या वेळी किनाऱ्यावर नव्हतीच. ती फ्लॅटमध्ये पाणी भरत होती. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात आयुष्य गेल्यावर माणूस नळ दिसला की आधी बादली शोधतो. बादल्या झाल्या, पातेली झाली, कुकर झाला, वाट्या झाल्या. तिथला राखणदार, ज्याला आम्ही मामा म्हणतो, दारात उभा राहून बघत होता. “ताई, पानी चोवीस तास हाय,” तो म्हणाला. “आज आहे,” ही म्हणाली. “उद्याचं कुणी सांगितलंय?” मामानं समुद्राच्या दिशेनं एकदा बघितलं आणि वाद घातला नाही.

त्याच रात्री दुसरा आघात झाला. सोलापुरातून नेलेली कडक भाकरी सादळली. वाचकांतले जे सोलापूरचे नाहीत त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. कडक भाकरी महिना-महिना टिकते. मोडली की आवाज शेजारच्या घरात जातो. ती तिथं तासाभरात मऊ पडली आणि शेंगाचटणीभोवती गुंडाळता यायला लागली. टॉवेलचा कारखाना असलेले आमचे अण्णा ती हातात धरून सुन्न बसले होते. सकाळी त्यांचा स्वतःच्या कारखान्यातला टॉवेल दोरीवरून जसाच्या तसा ओला उतरला. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. त्या भूगोलाच्या बाहेर तो वाळत नाही, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

भाकरीवर थांबलं असतं तरी चाललं असतं. खाऱ्या वाऱ्यानं हळूहळू इमारतच खायला घेतली. आधी कुलपं गेली. सहा महिन्यांनी गेलं की किल्ली फिरायची नाही, म्हणून गावातल्या माणसाला बोलावून कुलूप तोडायचं आणि राहून झालं की नवीन लावून यायचं. मग पंख्यांची पाती वाकली. एसीच्या बाहेरच्या यंत्राची जाळी बोट लावलं की पिठी होऊन खाली सांडायची. इमारतीच्या नावातले ‘सी’ आणि ‘व्ह्यू’ हे शब्द लोखंडी अक्षरांत दर्शनी भिंतीवर बसवले होते. त्यातला ‘सी’ एका पावसाळ्यात गळून पडला आणि नुसता ‘व्ह्यू’ राहिला. तोही कशाचा, हे बघणाऱ्यानं ठरवायचं. आम्ही मामाला म्हटलं, “तुम्ही इथं राहून करता काय?” तो म्हणाला, “शेठ, तुम्ही वर्षातनं चार दिवस येता. वारा रोज येतो.”

तरी आम्ही दर वेळी रंगाचा एक हात मारून भागवत होतो. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी तिची संरचनात्मक तपासणी करायची असते. आमच्याकडे ती रीतसर पुढे ढकलली जात होती. मग एकदा डॉक्टरांच्या ताटात छत पडलं. हे आमचे दाताचे डॉक्टर. नुकतीच हर्णैच्या लिलावातून सुरमई आणली होती, घासाघीस करून स्वस्तात मिळाली म्हणून ते खुशीत होते, आणि एवढ्यात वरून स्लॅबचा तळहाताएवढा तुकडा थेट सोलकढीच्या वाटीत आला. त्यांना आधी वाटलं खोबऱ्याचा चोथा राहिलाय. चावल्यावर गैरसमज दूर झाला. दाढ दुखावली, ती त्यांनी स्वतःच्याच दवाखान्यात स्वतःच्याच खर्चानं दुरुस्त करून घेतली, आणि बैठकीची मागणी केली.

बैठका सोलापुरातच होतात, सात रस्त्याच्या जवळ एका हॉलमध्ये. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी घ्यायची, ही प्रथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सगळे अर्धा तास उशिराच येतात. वेळेवर फक्त मी. अक्षर बरं आहे म्हणून मला सचिव केलंय. त्या अर्ध्या तासात रिकाम्या खुर्च्यांसमोर सभा तहकूब झाल्याचं मी फार सुंदर अक्षरात लिहितो.

तपासणीसाठी आणलेले इंजिनिअर कमी बोलणारे होते. ते हातोडीनं खांबांवर टकटक करत फिरले. कुठं टणक आवाज आला, कुठं ढब असा आला. प्रत्येक ‘ढब’ला ते खडूची फुली मारत गेले आणि शेवटी खडूच संपला. मग त्यांनी समजावून सांगितलं. सिमेंटच्या आत लोखंडी सळई सुरक्षित असते, पण समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचलं की तिच्यावरचं संरक्षक कवच जातं. सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. मग वरचं काँक्रीट फुटतंच. म्हणून समुद्रकाठी सळईवर निदान पंचेचाळीस मिलिमीटर काँक्रीट हवं, असं ‘आयएस ४५६ : २०००’ हे मानक सांगतं. आमच्याकडे ते पंधरा भरलं.

“म्हणजे चादर तोकडी पडली,” अण्णा म्हणाले.

इतकं अचूक निदान इंजिनिअरनाही सुचलं नव्हतं. त्यांनी ते अहवालात घातलं असतं, पण मानकात तसा शब्द नसावा.

नुसती दुरुस्ती करायची ठरलं असतं तर मजकूर इथंच संपला असता. पण माणसाला खर्च करायचाच म्हटल्यावर हौस सुचते. एवढा पैसा घालतोय तर एकदाच सगळं नव्या डिझाइनचं करू, असं कुणीतरी म्हणालं. कुणी, ते माझ्या इतिवृत्तात नाही. पण अक्षर माझंच असल्यामुळे नाव गाळणं सोपं गेलं. आर्किटेक्ट म्हणून डॉक्टरांच्या नात्यातली पुण्याची मुलगी नेमली. हुशार, शांत, आणि आम्हा सगळ्यांना काका म्हणणारी. त्या पोरीच्या केसांत तेव्हा एकही पांढरा नव्हता.

तिनं पहिल्या बैठकीत कोकणातल्या घरांचे फोटो दाखवले. उतरतं कौलारू छप्पर, खोल पडवी, जांभ्याच्या उघड्या भिंती, वारा आरपार. पावसाळ्याआधी भिंतींवर माडाच्या झावळ्यांची झडपं बांधतात, पाऊस ओसरला की सोडतात. भिंतीचा रेनकोटच तो, दरवर्षी नवा आणि जवळजवळ फुकट. मला ते फार आवडलं. जरा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या वकीलसाहेबांनी घसा साफ केला.

“गिलावा राहिलाय वाटतं या भिंतींचा.”

“नाही काका, जांभा तसाच ठेवतात. खाऱ्या हवेत तो टिकतो, आणि दिसतोही सुंदर.”

“लोक म्हणतील पैसे संपले.”

त्यावर जांभा संपला. मग छपरावर आलो. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. जाड मातीच्या भिंती, वर सपाट मातीचं छत, उन्हाळ्यात रात्री तिथं वाकळ टाकून आकाश बघत झोपायचं. सिमेंट आल्यावर माळवदाची गच्ची झाली, पण श्रद्धा तीच राहिली. सपाट छताशिवाय घर, ही कल्पना आम्हाला सहन होत नाही.

“छप्पर उतरतं केलं तर शेंगा कुठं वाळवायच्या?” अण्णांनी विचारलं.

“काका, तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुमच्या जिल्ह्यात किती?”

“साडेपाचशे.” हे अभियंतासाहेब. “तेपण झाला तर.”

“म्हणूनच उतरतं छप्पर हवं.”

“म्हणूनच तर गच्ची पाहिजे,” अण्णा म्हणाले. “एवढं पाणी पडतंय तर साठवायला नको?”

तडजोड अशी झाली की गच्ची सपाट ठेवायची आणि गळू नये म्हणून तिच्यावर पत्र्याचं छप्पर करायचं. शेंगा पत्र्याखालच्या सावलीत वाळत घालायच्या. पत्रे आधीही होतेच. ते ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळानं नेले. वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढलं, पण जाता जाता दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या करून गेलं. त्या मानानं आमचं नुकसान सांगायलाही संकोच वाटतो. त्यातला एक पत्रा मात्र नंतर शेजारच्या सुपारीच्या बागेत गोठ्यावर बसवलेला सापडला. मागच्या बाजूला आमच्या इमारतीचं नाव रंगवलेलं. मी ते मालकांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, “नाव तुमचं असेल. दिला वादळानं.” वकीलसाहेब कायदा शोधतायत. अजून सापडलेला नाही.

दर्शनी बाजूचा प्रश्न आला तेव्हा अण्णांनी खिशातून महापालिकेच्या इंद्रभुवनाचा फोटो काढला. “असं करा. एवढं नको, पण असं.” ती पोर त्या कमानी, ते सज्जे, ते नक्षीकाम बघत राहिली. हे आप्पासाहेब वारदांनी बांधलेलं वैभव तीन मजली सुट्टीच्या घरांच्या पुढ्यात दुरुस्ती निधीतून कसं आणायचं, हे तिनं विचारलं नाही. “विचार करते,” म्हणाली. केसांतला पहिला पांढरा त्या दिवशीचा असावा.

पण खरं वाजलं ते खिडक्यांवरून. कोकण किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला असतो. याला काही इलाज नाही. तिनं पश्चिमेची अख्खी बाजू मोठ्या खिडक्यांची, लाकडी झडपांची, खोल छज्ज्याची केली होती; सकाळी डोळे उघडले की समोर पाणी. चित्र बघून आमच्या अंगावर काटा आला. सोलापुरात पश्चिम ही दिशा नसून संकट आहे. दुपारी तीन ते सहा तिकडून जे येतं त्याला तोंड देण्यासाठीच आमच्या घरांच्या भिंती असतात. पश्चिमेला मोठी खिडकी ठेवणाऱ्या माणसाच्या घरी आम्ही मुलगी देत नाही.

“ऊन येतंय की वो तिकडनं,” तीन जण एकदम म्हणाले.

“काका, तिथं समुद्रावरचा वारा असतो. छज्जा खोल आहे, ऊन आत येणार नाही.”

“वारा तर त्याहून वाईट. मीठ कोण आणतंय मग?”

हे खरं होतं. तिला उत्तर देता येईना. त्यात कुणीतरी वास्तुशास्त्रवाल्यांना आणलं होतं. त्यांनी नकाशावर होकायंत्र ठेवलं, डोळे मिटले, आणि जाहीर केलं की पाणी ईशान्येला असावं, पश्चिमेला जडपणा असावा. या वास्तूत नेमकं उलट झालंय. दोष समुद्राचा आहे. तो हलवता येत नसेल तर निदान पश्चिमेला काहीतरी जड ठेवा. जड म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात एकच आलं, पाण्याची टाकी. वीस हजार लिटरची, गच्चीच्या पश्चिम कठड्याला लागून. पाणीही साठलं, दोषही गेला, ऊनही अडलं. गच्चीवर झोपणाऱ्यांना समुद्र दिसत होता तेवढा बंद झाला, पण टाकी भरलेली आहे हे मात्र उशीवरून दिसायला लागलं. त्यांना झोप चांगली लागते म्हणे.

या सगळ्यात कायदाही आहे. वकीलसाहेबांनी त्यावर एका बैठकीत दीड तास खाल्ला, मी थोडक्यात सांगतो. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ची, मग २०११ची, मग २०१९ची. भरतीरेषेपासून जमिनीकडे पाचशे मीटरपर्यंत हा अंमल. खेड्यांत किनाऱ्यालगतचे दोनशे मीटर नवीन बांधकामाला बंद; पण २०१९च्या नियमांत लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१च्या वर असेल तर हा पट्टा पन्नास मीटरवर येतो. २१६०ला येत नाही. पर्यटकांसाठी बांधायचं तर उंची नऊ मीटर, तळमजला आणि वर एकच मजला. आमचे तीन मजले सुखरूप राहतात ते आम्ही पाचशे मीटरच्या बाहेर आहोत म्हणून, आणि फ्लॅटची किंमत टिकून आहे ती आम्ही दोन मिनिटांवर आहोत म्हणून. तेव्हा सभासदांनी भाडेकरूंशी बोलताना दोन मिनिटं म्हणावं आणि सरकारी माणसाशी बोलताना पाचशे मीटर, असा ठराव वकीलसाहेबांनी मांडला. समुद्र दरवर्षी थोडा पुढं सरकतोय असं मामा म्हणतो. त्याला कुणासमोर बोलायचं नाही असं बजावलंय.

काम चालू झालं. ठेकेदार स्थानिक, गोड बोलणारा. त्याला विचारलं, किती दिवसांत होईल? तो म्हणाला, तीन महिने. आम्ही जूनमध्ये विचारलं होतं, म्हणून तो म्हणाला पाऊस जाऊ दे. पाऊस सरतो न सरतो तोच गणपती. गणपतीत कोकणातला माणूस स्वतःच्या घरीसुद्धा पाहुण्यांच्या गराड्यात असतो, तिथं आमच्या इमारतीवर कोण येणार? मग भातकापणी. मग दिवाळी. मग नाताळच्या सुट्टीत आमचेच फ्लॅट भाड्यानं गेलेले, पर्यटकांच्या डोक्यावर ठोकाठोक कशी करायची? मग शिमगा, पालख्या. मग आंबा. आंब्यात गडी दिवसाला आपण देतो त्याच्या दीडपट मिळवतो. आंबा संपला की पुन्हा जून. हे तीन महिने नेमके कोणते, याचा मी पंचांग घेऊन शोध केला. फेब्रुवारीत थोडे सापडतात.

त्या थोड्या दिवसांत जे झालं ते आमच्या खजिनदार बाईंच्या देखरेखीखाली झालं. बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी समोरच्याला उभं करायची सवय गेलेली नाही. आर्किटेक्टनं कठडे स्टेनलेस स्टीलचे सुचवले, ३१६ दर्जाचे. ठेकेदारानं ३०४चाही भाव दिला होता.

“फरक कशाचा?” बाईंनी विचारलं.

“३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं काकू. खाऱ्या हवेत ते लागतं.”

“दिसतं का?”

“नाही.”

“मग कशाला?”

३०४चे आले. पहिल्या पावसाळ्यातच त्यांच्यावर तपकिरी ठिपके उठले. बाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “आता मॉलिब्डेनम दिसलं असतं का इथं?” कुणी उत्तर दिलं नाही. वर्गात आम्ही नसलो तरी भीती तीच.

आतली सजावट ज्याची त्यानं करायची होती. डॉक्टरांनी भिंतीवर जहाजाचं चाक लावलं. त्यांना गाडीचंही धड वळवता येत नाही. अण्णांनी खाट, सोफा, जेवणाचं टेबल, सगळ्यावर सोलापुरी चादरी घातल्या. आत गेलं की वस्तू कुठली ते चाचपून ठरवावं लागतं. मी पश्चिमेच्या उरल्यासुरल्या खिडकीला जाड पडदा घेतला. बाजारात फार शोधून, माडाची झाडं छापलेला. खिडकीच्या बाहेर खरे माड आहेत, पण ते दिसायचे तर पडदा सरकवावा लागतो आणि मग ऊन येतं.

अशा रीतीनं समुद्र संपूर्ण बाहेर राहिला. गच्चीवर टाकी आणि पत्रे, मधल्या मजल्यांवर काळ्या काचा, खाली कमानी. इंद्रभुवनाच्या दोनच परवडल्या. सोलापूरच्या चव्वेचाळीस अंशांत राहायला याहून चांगली इमारत दाखवून द्या. आम्ही उद्घाटनाला जमलो, सगळे आत बसलो, एसी लावला, आणि तासाभरानं डॉक्टरांचा नातू म्हणाला, “आजोबा, समुद्र कुठाय?”

तेव्हा अचानक सगळ्यांना पटलं की एवढा खर्च करून समुद्र दिसत नाही हे काही बरोबर नाही. दोष आर्किटेक्टचा, यावर एकमत झालं. तिला पुन्हा बोलावलं. ती आली. आता केसांत पांढरे मोजण्यापलीकडे होते, पण चेहऱ्यावर एक वेगळीच शांती. ती म्हणाली, गोव्यात दोना पावलाजवळ सिदाद द गोवा नावाचं हॉटेल चार्ल्स कोरियांनी बांधलं, त्यात भिंतींवर खोट्या खिडक्या, खोटी दारं, माणसंसुद्धा रंगवलीत. बघणारा फसतो. आपणही समुद्र रंगवून घेऊ.

ती थट्टा करत होती हे मला आजही वाटतं. पण आमच्याकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग अण्णा म्हणाले, “मीठ नाही, वारा नाही. कल्पना वाईट नाय बे.”

प्रश्न राहिला जागेचा. वास्तुशास्त्रवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, ईशान्य कोपऱ्यातली कुंपणाची भिंत. पाणी तिथंच हवं होतं, आता दोष मुळासकट जाईल. म्हणजे मागच्या बाजूला, जिकडं पार्किंग आहे. त्यामुळे इतकी वर्षं पाठीमागच्या फ्लॅटमध्ये कुढत बसलेले चार सभासद एकाएकी समुद्रासमोर आले. बाईंनी तिथल्या तिथं वही काढली आणि समुद्राकडे तोंड असलेल्यांचा देखभाल खर्च दहा टक्के जास्त असतो याची त्यांना आठवण करून दिली. ते चौघं म्हणाले, आम्ही बघणार नाही. बाई म्हणाल्या, बघणं तुमच्यावर आहे, दिसणं सोसायटीवर आहे.

मग समुद्र कोणत्या वेळचा, यावर दोन बैठका गेल्या. डॉक्टरांना सूर्योदय हवा होता, भिंत पूर्वेकडे असल्यामुळे तो बसतही होता. अण्णांना पौर्णिमेची रात्र हवी होती. अखेर बिनसूर्याचा, दुपारचा समुद्र मंजूर झाला. मी ते सुंदर अक्षरात लिहून घेतलं आणि वही मिटणार इतक्यात अभियंतासाहेबांनी हात वर केला.

“एक तांत्रिक मुद्दा. भिंतीवरच्या समुद्राची भरतीरेषा कुठं धरायची? कारण तिथनं आपली इमारत बारा मीटरवर येतेय.”

वकीलसाहेबांनी २०१९ची अधिसूचना पुन्हा उघडली. आर्किटेक्टनं नकाशांची गुंडाळी बांधायला घेतली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि बाई गणिताच्या तासाला म्हणायच्या तशा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“मग भरती काढूच नका. ओहोटी काढा. रंगही कमी लागेल.”